जोधपूरला 'रेल टच' गोदाम भाड्याने मिळतंय, मटकीसाठी घ्यावं का?

पंचवटीकर

नमस्कार मंडळी. नाशिकला आमचं कडधान्याचं ठोक दुकान आहे, आजोबांपासूनचं. माल सगळाच ठेवतो, पण पोट चालतं ते मटकीवर. शहरातले पंधरा-सोळा मिसळवाले आमच्याकडून कट्टे उचलतात आणि हे लोक माल पारखतात तो एकाच गोष्टीवर, मोड. शंभर दाणे ओल्या फडक्यात बांधायचे, दुसऱ्या दिवशी मोजायचे. नव्वदच्या खाली आले की फोन येतो, आणि एरवी 'शेठ' म्हणणारा माणूस त्या दिवशी 'अहो' म्हणून सुरुवात करतो.

मटकी येते राजस्थानातून. देशातली बहुतेक सगळी तिकडेच होते. जुलैच्या पावसावर पेरतात, दिवाळीच्या आगेमागे मंडीत येते. आम्ही नोख्याच्या आडत्याकडून घेतो आणि वर्षभर लागेल तसा ट्रक मागवतो. म्हणजे हंगामात स्वस्त असताना जागा नसते आणि उन्हाळ्यात महाग असताना घ्यावीच लागते. नाशिकच्या गोदामात जास्त ठेवावी, तर मागच्या पावसाळ्यात पत्रा गळला आणि भिंतीकडची अख्खी थप्पी भुंगेऱ्यांनी खाल्ली.

म्हणून डोक्यात आलं, माल तिकडेच का ठेवू नये? जोधपूर निवडलं कारण नोख्याची मटकी, मेडत्याचे मूग, थोडं जिरं, सगळं एका ठिकाणी गोळा करता येईल. ६२ आणि २५ नंबरचे दोन्ही राष्ट्रीय महामार्ग गावातून जातात, रेल्वे चारी दिशांना. मे महिन्यात जाऊन एक गोदाम बघून आलो, बासनी आणि सालावासच्या मध्ये. १२,००० चौरस फूट, भाडं फुटाला ११ रुपये, तीन वर्षांचा करार, पहिली दोन वर्षं सोडता येणार नाही. दलालाचा सगळा जोर एकाच शब्दावर : 'रेल टच है साहब, रेल टच.'

टच तर खरंच आहे. मागची भिंत आणि रूळ यांच्यात एक बाभळीचं कुंपण आणि फार तर तीस पावलं. मी उभा असतानाच एक मालगाडी गेली. पारा ४४ला होता, करण्यासारखं दुसरं काही नव्हतं, म्हणून वाघिणी मोजल्या. ५८ भरल्या. तिथला चौकीदार खाटेवर पडल्या पडल्या म्हणाला, 'ट्रेन तो रोज़ निकलती है सेठजी, रुकती नहीं है.' दलाल हसला आणि विषय बदलला.

माझा हिशोब चारशे टन मटकी हंगामात भरायची असा आहे. रेल्वेने नाशिक रोडला आणली तर ट्रकपेक्षा भाडं किती वाचेल? कोणी असं रेल्वेलगतचं गोदाम घेतलंय का? आणि तो चौकीदार जे म्हणाला त्याचा मी समजतोय तोच अर्थ आहे का?

मनमाडचे काका

चौकीदाराला नोकरीवर ठेवा, दलालाला सोडा.

मी रेल्वेत मालधक्क्यावर नोकरी केली, ३४ वर्षं, शेवटची अकरा सुपरवायझर म्हणून. 'रेल टच' हा शब्द रेल्वेच्या कुठल्या पुस्तकात नाही. रूळ शेजारी असणं आणि त्या रुळावर तुमचा माल चढणं यात सगळं आलं. तुमच्या भिंतीमागे आहे ती चालती लाइन. तिथे गाडी थांबवून माल भरायचा म्हणजे चालत्या लाइनीतून काटा काढून वेगळी साईडिंग, म्हणजे बाजूचा फाटा, टाकावी लागते, तिचा नकाशा रेल्वेने मंजूर करावा लागतो, सिग्नल बदलावे लागतात, खर्च सगळा मागणाऱ्याचा, आणि मग साईडिंगचा करार होतो. हे सिमेंटवाले, खतवाले, वीजवाले करतात. मालकाकडे असा करार असेल तर तो पहिल्या भेटीतच फाईल काढून दाखवेल, लपवण्यासारखं त्यात काही नसतं. एकदा मागून बघा.

आता समजा साईडिंग आहे. पुढचं ऐका. मालगाडीत आता सुट्या वाघिणी कोणी घेत नाही, रेक, म्हणजे अख्खी गाडीच, घ्यावा लागतो. बंद वाघिणींचा जुना ४२चा रेक धरला तरी अडीच हजार टन. तुमचे चारशे टन म्हणजे सात वाघिणी. वीस वाघिणींचा मिनी रेकही असतो, पण तुम्ही त्याच्याही निम्म्याला पोचत नाही.

आणि समजा उद्या तुम्ही पाच-सहा व्यापारी मिळून रेक केलाच. अडीच हजार टन म्हणजे पन्नास-पन्नास किलोचे ५० हजार कट्टे. भरायला फुकट वेळ मिळतो तासांत, दिवसांत नाही. नऊ तास धरा. तासाला साडेपाच हजार कट्टे. किती हमाल लागतील ते तुमच्या मार्केट यार्डातल्या मुकादमाला विचारा, तो उठून जाईल. वेळ टळली की डेमरेजचा दंड, वाघिणीगणिक आणि तासागणिक. नाशिक रोडला उतरवताना तेच पुन्हा, आणि माल धक्क्यावर पडून राहिला तर वर व्हार्फेज. मी माझ्या हाताने अशा पावत्या फाडल्या आहेत. रात्री दोन वाजता समोर उभ्या माणसाचा चेहरा बघवत नाही.

तुम्ही नाशिकचे म्हणून म्हणाल, किसान रेलमध्ये आमचा माल थोडा थोडा जायचा. ती देवळालीहून दानापूरला ७ ऑगस्ट २०२० ला सुटलेली गाडी ना? ती पार्सलची गाडी होती. डाळिंब-कांदा घाईचा माल, त्याला ते परवडतं. मटकीला घाई कसली?

एक विचारायचं राहिलं. त्या ५८ वाघिणी वरून उघड्या होत्या की बंद?

पंचवटीकर

काका, दंडवत. दलालाला फोन केला. म्हटलं साईडिंगचा करार व्हॉट्सअ‍ॅपवर टाक. म्हणाला, 'सर, टच का मतलब टच. आगे आप रेलवे से बात कर लो.' म्हणजे रेल्वेशी बोलायचं माझं काम आणि त्या शब्दाचे पैसे त्याचे.

वाघिणींचं आठवून सांगतो, फोटो काढला होता बहुतेक.

बोरानाडा_आजरा

राम राम. मी मूळचा आजऱ्याचा, जोधपुरात बारावं वर्ष. बोरानाड्याला लाकडी फर्निचरच्या एका कारखान्यात निर्यातीचं काम बघतो. तुम्ही सांगताय तो पट्टा माझ्या रोजच्या रस्त्यावर आहे. तशी 'रेल टच' गोदामं तिथे ओळीने आहेत. आत टाइल्स, भंगार, कोणाचं लग्नाचं डेकोरेशन. रेल्वेने आलेली एक गोणी मी तिथे पाहिलेली नाही.

इथे रेल्वेने खराखुरा माल जातो तो कंटेनरमधून. भगत की कोठीला कॉनकॉरचा, म्हणजे सरकारी कंटेनर कंपनीचा, डेपो आहे. आमचं फर्निचर कारखान्यातच कंटेनरमध्ये भरतं, ट्रेलरने डेपोत जातं, तिथून रेल्वेने बंदरावर. पण हे गणित बसतं कारण माल जहाजावरच चढायचा असतो आणि कंटेनर तसाही लागणारच असतो. तुमची मटकी वीस फुटी कंटेनरमध्ये २६ टनांच्या आसपास बसेल, म्हणजे पंधरा-सोळा कंटेनर. तेवढेच ट्रक लागतात. पण ट्रक गोदामाच्या दारातून निघून सापुताऱ्याचा घाट चढून तुमच्या दारात थांबतो. कंटेनरला इकडे ट्रेलर, डेपोत उचल, रेल्वे, तिकडे परत उचल, परत ट्रेलर. तरी डेपोत चौकशी करा, देशांतर्गत बुकिंग तुमच्या बाजूला कोणतं मिळतंय ते तेच सांगतील. मला वाटतं तुम्ही ट्रकवरच येऊन थांबाल.

बाकी शहर जोडलेलं आहे यात वाद नाही. पश्चिमेची मालवाहतुकीची खास रेल्वे मारवाड जंक्शनवरून जाते, इथून शंभरेक किलोमीटर. तिच्यावरून दुमजली कंटेनर जाताना बघण्यासारखे असतात. पण आपण चारशे टनवाले लोक, बघायचं आणि यायचं.

गोदामाचं मात्र सांगतो, कारण रेल्वेपेक्षा तेच तुम्हाला चावेल. एक, छत. साधा पत्रा असेल तर मे-जूनमध्ये वरच्या थरातल्या कट्ट्यात हात घालवत नाही. आमच्याकडे लाकडाला तडे जातात. पत्र्याखाली उष्णतारोधक थर आहे का, वर फिरते पंखे आहेत का, ते बघा. दोन, आंधी. एप्रिल ते जून कधीही येते, दहा मिनिटांत शटरखालून इतकी वाळू आत येते की झाडून घमेली भरतात. तीन, उधई. लाकडाच्या धंद्यात आहे म्हणून सांगतो, कोरडं गाव म्हणून वाळवी नसेल असं समजू नका, ती बारदान आवडीने खाते. भिंतीपासून दोन फूट सोडून आणि खाली लाकडी पॅलेट टाकूनच थप्पी लावा. चार, रिकोचा, म्हणजे राजस्थानच्या औद्योगिक महामंडळाचा, प्लॉट असेल तर मालकाला पोटभाड्याने द्यायची परवानगी आहे का, ते कागदावर बघा. तोंडी 'सब चलता है' वर तीन वर्षं अडकू नका.

आणि एक साधी गोष्ट. नोखा, नागौर, जोधपूर, पाली, सगळं एकाच ६२ नंबरच्या रस्त्यावर आहे. नोख्याचा माल तुमच्याकडे येताना जोधपूरवरूनच येतो. तो वाटेत उतरवून, थप्पी लावून, परत चढवायचा म्हणजे दोन हमाल्या जास्त. नोख्यातच का नाही ठेवत?

लातूरची_डाळ

आमची डाळ मिल आहे. मी हा प्रयोग करून बसलोय, म्हणून लिहितो. नाव नाही घेत कोणाचं.

चार वर्षांपूर्वी एका खाजगी मालवाहतूक टर्मिनलच्या आवारात गोदामातली अर्धी जागा घेतली होती. तिथे रूळ खरोखर गोदामाच्या ओट्याला लागलेला. ओट्याची उंची वाघिणीच्या दाराइतकी, फळी टाकली की हातगाडी सरळ आत. देखणं काम. वडिलांना घेऊन गेलो तर ते त्या ओट्यावर पाच मिनिटं नुसते उभे राहिले. वर्षभरात आमच्या नावाने त्या ओट्यावर किती वाघिणी लागल्या? शून्य. आमचा सगळा माल ट्रकने आला आणि ट्रकने गेला. त्यात ट्रक आत घ्यायचा तर टर्मिनलचं गेटपास, टर्मिनलचाच वजनकाटा, टर्मिनलचेच हमाल, त्यांच्याच दराने. बाहेरच्या साध्या गोदामापेक्षा भाडं जास्त होतं ते त्या रुळासाठी. आम्ही रूळ भाड्याने घेतला होता आणि त्यावर दुसऱ्याचं सिमेंट उतरत होतं.

पंचवटीकर, तुमची जागाही जास्त होतेय. नीट थप्प्या लावल्या, मध्ये गल्ल्या सोडल्या, तरी चारशे टनाला पाच हजार फूट पुष्कळ. १२,००० घेऊन उरलेल्यात काय क्रिकेट खेळणार? ११ रुपयांनी महिन्याला १ लाख ३२ हजार, वर्षाचे १५ लाख ८४ हजार. चार लाख किलोवर वाटा, किलोला जवळजवळ चार रुपये नुसतं भाडं. ट्रकचं भाडं वाचवायला निघालात ना तुम्ही?

आम्ही आता केंद्रीय वखार महामंडळ किंवा राज्याच्या वखारीत ठेवतो, कट्ट्यावर महिन्याचं भाडं. जेवढे कट्टे तेवढे पैसे, उचलले की मीटर बंद. धुरी तेच देतात. वखार नियामकाकडे नोंदलेली असेल तर इलेक्ट्रॉनिक पावती मिळते, तिच्यावर बँक कर्जही देते. तिकडे राजस्थान राज्य वखार महामंडळ आहे, नोखा-नागौर बाजूला विचारा. हंगामात जागा लवकर भरते, दसऱ्याच्या आधीच बोलून ठेवा.

सीए_मुलुंड

भाड्याच्या दोन पद्धतींत कराचा फरक आहे, तो कोणी लिहिला नाही म्हणून.

अख्खी इमारत भाड्याने घेतली, किल्ली तुमच्याकडे, तर ते स्थावर मालमत्तेचं भाडं. त्यावर १८ टक्के जीएसटी. मालकाची नोंदणी नाही म्हणून सुटलो असं समजू नका. तुमची नोंदणी असेल तर १० ऑक्टोबर २०२४ पासून तो कर भाडेकरूने स्वतः भरायचा आहे. आणि पोत्यातली अख्खी मटकी करमुक्त असल्यामुळे त्या मालापुरतं या कराचं क्रेडिट मिळत नाही. म्हणजे ते १८ टक्के तुमच्या खिशातून. वरचे चार रुपये पावणेपाचच्या जवळ जातात.

वखारवाला कट्ट्यावर साठवणुकीचं भाडं घेतो ती मात्र शेतमाल साठवण्याची सेवा, ती करमुक्त आहे. इथे 'अख्खी' हा शब्द महत्त्वाचा. नोव्हेंबर २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे की अख्खं कडधान्य शेतमालात येतं, पण सालं काढलेली किंवा भरडलेली डाळ येत नाही. मटकीची डाळ करून ठेवलीत की ही सवलत गेली.

तुम्ही २५ किलोपर्यंतची लेबलवाली पाकिटं विकता का? त्यावर ५ टक्के आहे, मग नोंदणी असणारच. तसं असेल तर राजस्थानात माल ठेवण्यापूर्वी तिथल्या ०८ने सुरू होणाऱ्या जीएसटी नोंदणीचं तुमच्या सीएशी बोलून घ्या. तुमचा महाराष्ट्राचा २७चा नंबर तिकडच्या गोदामाला चालत नाही. आणि वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेकरार नोंदवावाच लागतो. दलाल 'स्टॅम्प पेपर पे कर लेंगे' म्हणाला असेल तर ऐकू नका.

पंचवटीकर

हो, अगदी तसंच म्हणाला होता, 'पाँच सौ के स्टॅम्प पे.' पाकिटंही विकतो, किलो-किलोची. म्हणजे नोंदणी आहेच.

आज बाबांना सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. ते मध्येच थांबवून एकच बोलले आणि ते इथे कोणीच काढलं नाही, ते मलाही सुचलं नव्हतं. म्हणाले, तिकडच्या कोरड्या हवेत सात-आठ महिने ठेवली की गणंग वाढतील. बरोबर आहे. मटकी फार सुकली की तिचं साल इतकं कडक होतं की रात्रभर भिजत घातली तरी काही दाणे खड्यासारखे तसेच राहतात. भुंगा लागणार नाही हे खरं, पण मिसळवाल्याला दाताखाली आलेला गणंग भुंग्यापेक्षा महाग पडतो. वर वजनात घट येते ती वेगळी. बाबा त्यांच्या वडिलांबरोबर १९८०च्या सुमाराला नोख्याला गेले होते, तेव्हा तिथल्या एका म्हाताऱ्या आडत्याने सांगितलं होतं म्हणे : होळीच्या आत न्या, नाहीतर इकडेच भुजियाला विका. भुजियाला पीठच करायचं असतं, त्याला मोड नको.

म्हणून आता असं ठरवतोय. जोधपूरचं गोदाम नाही. या दिवाळीनंतर दीडशे टनच घ्यायची, नोख्याच्या बाजूला वखारीत कट्ट्यावर ठेवायची, आणि फेब्रुवारीअखेर सहा ट्रकमध्ये सगळी नाशिकला. इथे पत्रा बदलायचा. पत्र्याचा खर्च त्या गोदामाच्या तीन महिन्यांच्या भाड्यात बसतोय, हे काल कोटेशन आल्यावर कळलं. दर महिन्याला वखारीतून दोन किलोचा नमुना मागवून इथे शंभर दाण्यांची चाचणी करणार. मोड किती आणि गणंग किती, दोन्ही वहीत लिहून ठेवेन. मार्चमध्ये आकडे इथे टाकतो.

आजरेकर भाऊ, वखार बघायला नोख्याला जाईन तेव्हा जोधपुरात भेटू. तुमच्याकडे पॅलेट जुने निघतात का? विकत घेईन.

बोरानाडा_आजरा

ढिगाने निघतात. चहा माझा, ट्रक तुमचा.

मनमाडचे काका

वडिलांना नमस्कार सांगा. फोटोचं काय झालं?

पंचवटीकर

सापडला काका. उघड्या होत्या. वरपर्यंत पिवळट-पांढरे दगड भरलेले.

मनमाडचे काका

मग बहुधा जैसलमेरकडचा चुनखडक, पोलाद कारखान्यांना जातो. ५८ उघड्या वाघिणी, एकच माल, एकच मालक, एकच ठिकाण. रेल्वेला असं गिऱ्हाईक आवडतं. त्याला मोडही काढायचे नसतात.